मानेखाली हिनेस

मी एक जुना संगमरवरी पुतळा आहे. बेनाहोर गावाबाहेर, कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी, कमरेएवढ्या चौथऱ्यावर उभा आहे. डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात लांब कोट, कमरेला पिस्तूल, डावा पाय किंचित पुढे. चौथऱ्यावर कोरले आहे, 'ग्लेन मॅकॉर्ड यांस, कृतज्ञ गावाकडून.'

मित्रांनो, ही अक्षरे खोटी नाहीत, पण पुरती खरीही नाहीत. माझा चेहरा ग्लेन मॅकॉर्डचा आहे. मानेखाली मी सगळा हिनेस बेरेंगेलचा आहे. हे ठाऊक असलेली माणसे आता जवळजवळ संपली, म्हणून मी सांगतो आहे.

माझा दगड माकाएलच्या खाणीतला. तिथून बेनाहोर गाडीने अर्ध्या दिवसावर. मी अजून डोंगराच्या पोटात होतो, तेव्हाच्या गोष्टी मला नंतर कळल्या. माझ्या पायाशी एक दगडी बाक आहे. त्यावर गावातली म्हातारी माणसे बसत आणि तेच तेच पुन्हा सांगत. दगडाला ऐकण्यावाचून दुसरे काम नसते.

बेनाहोरला तेव्हा वर्षावर्षात पाऊस पडत नसे. माणसे डोंगरावरचे एस्पार्तो गवत उपटत आणि त्याचे दोर वळत. हातांना चिरा पडत आणि त्या कधी भरून येत नसत. पाण्यासाठी बायका गाढवे घेऊन दीड तास चालत. अशा या गावात एका उन्हाळ्यात सिनेमावाले आले. आमची उघडी, तांबूस माती कॅमेऱ्यातून पाहिली की हुबेहूब अमेरिकेतले वाळवंट वाटते म्हणे. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांनी लाकडाचे एक नकली गाव उभे केले. त्यात दारूचा गुत्ता होता, बँक होती, उंच घंटाघर असलेले चर्च होते. बेनाहोरचे लोक कधी मेक्सिकन झाले, कधी शिपाई झाले, कधी मेलेले झाले. मेलेल्याचे काम सगळ्यांना आवडे, कारण सावलीत मरायला मिळाले तर झोप काढता येई.

ग्लेन मॅकॉर्ड त्या सिनेमांचा नायक. उंच, हसरा, कुणालाही मिठी मारणारा. त्याला एकच गोष्ट सोसत नसे, घागरीने अंघोळ करणे. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, पाणी नसेल तर मी घरी चाललो. कंपनी घाबरली. तिने डोंगरातल्या झऱ्यापासून चार किलोमीटर नळ टाकला. एक तोटी नकली गावात बसवली आणि सरपंच लेआंद्रो हातापाया पडल्यावर एक गावच्या चौकात. बायकांची गाढवे त्या दिवसापासून मोकळी झाली. पुतळा उभारायचे ठरले ते या पाण्यापायी. त्यावर गावात एकाचेही दुमत नव्हते. हिनेसची बायको त्रिनी तर म्हणाली होती की मी सातव्या वर्षापासून पाणी वाहिले आहे, त्या माणसाचा सोन्याचा पुतळा केला तरी चालेल.

हिनेस हा खेचरे हाकणारा होता. अठ्ठावीस वर्षांचा, कमी बोलणारा. एके सकाळी तो सामान घेऊन नकली गावात गेला, तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईने त्याला मागून ग्लेन समजून हाक मारली. तो वळला आणि ती हसत सुटली. उंची तीच, खांदे तेच, चालही तीच. तिने ग्लेनचा कोट त्याच्या अंगावर चढवला तो एक इंचही इकडेतिकडे झाला नाही. सिनेमावाले अशा माणसाला डुप्लिकेट म्हणतात. ग्लेनला घोड्याची मनापासून भीती वाटे. म्हणून घोडा उभा असला की वर ग्लेन आणि पळू लागला की वर हिनेस. छपरावरून पडायचे, जळत्या दारातून बाहेर यायचे, ओढ्यातून फरफटत जायचे, हे सगळे हिनेस करी. मग ग्लेन येई, गालाला माती लावून घेई आणि कॅमेऱ्याकडे पाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात घंटाघराची उडी आली. ती तुम्ही कदाचित पाहिली असेल. अजूनही लोक ती पाहतात. नायक घंटेच्या दोराला धरून सुटतो आणि खाली गवताच्या गाडीत पडतो. त्या दिवशी घंटा वाजताच गाडीचे खेचर बुजले आणि हातभर पुढे सरकले. हिनेस गवतात न पडता गाडीच्या फळीवर पडला. डाव्या खांद्याचे हाड मोडले. तो उठला, चार पावले चालला आणि चित्रात दिसेनासा झाल्यावर मगच खाली बसला. दिग्दर्शकाने तोच तुकडा ठेवला. इतके खरे पुन्हा जमणार नाही, असे तो म्हणाला.

गावच्या हाडवैद्याने खांदा बांधला. तो तसाच, थोडा खाली उतरून जुळला.

त्यानंतरच्या वर्षी मला खाणीतून काढले. शिल्पकार निकासिओ याने ग्लेनकडे निरोप पाठवला की दोन आठवडे समोर उभे राहावे लागेल. ग्लेनने अमेरिकेहून चेहऱ्याचे नऊ फोटो पाठवले आणि बाकीचे तुम्ही पाहून घ्या असे कळवले. मग बाकीच्यासाठी हिनेस आला. अकरा दिवस तो माकाएलच्या कारखान्यात ग्लेनचा कोट आणि ग्लेनचे बूट घालून उभा राहिला. बूट त्याला चावत असत. माझी आणि त्याची ओळख तिथली. तो रोज सकाळी आत आला की माझ्यावर हात फिरवून पाही, कालपासून किती झाले ते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी निकासिओ म्हणाला, "डावा खांदा पडलाय तुझा. सरळ धर."

"उस्ताद, तो सरळ होत नाही. हाड तसंच बसलंय."

मग त्याने घंटाघराची हकिगत सांगितली. ती मी ऐकली तेव्हा माझे कान नुकतेच कोरून झाले होते. निकासिओने छिन्नी खाली ठेवली आणि त्याचा खांदा चाचपून पाहिला.

"मी दगडात सरळ करतो. कुणाला कळायचं नाही."

हिनेसने मान हलवली. "नका करू, उस्ताद. राहू दे. बायकोला ओळखता तरी येईल."

आणि तो खांदा तसाच राहिला.

माझे अनावरण पुढच्या वर्षी मे महिन्यात झाले. ग्लेन येऊ शकला नाही, पण त्याची तार आली आणि सरपंचांनी ती दोनदा वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बॅन्ड वाजला, बायकांनी मोठ्या कढईत पावाचा चुरा लसणीवर परतला आणि सगळे ओढ्याकाठी जेवले. त्या गर्दीत एक बाई पुढे न येता माझ्या पाठीमागे गेली. तिने खालून वर पाहिले. मग तिला हसू आवरेना.

"बसायला सांगून आले होते घरी," ती शेजारणीला म्हणाली, "तर हा इथे येऊन उभा."

ती त्रिनी. त्या दिवसापासून ती या वाटेने जाताना नेहमी माझ्या मागच्या बाजूने जाई. ग्लेनला भेटायला येणारे समोरून येत. ती मागून येई, कारण मागून मी पुरता हिनेस होतो. जाता जाता एखादे वाक्यही टाकी. आज मिरच्या वाळायला ऊन चांगले आहे, पोरीला ताप आहे, असे काहीतरी. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. मी दोन माणसांचा होतो आणि दोघांचेही माझ्यावाचून काही अडत नव्हते.

पाचव्या उन्हाळ्याच्या शेवटी ग्लेन निघाला. जाताना त्याने माझ्यासमोरच हिनेसला मिठी मारली आणि दुभाष्याकरवी सांगितले की तू माझा दुसरा अर्धा आहेस, मी तुला तिकडे बोलावून घेईन. सिगारेटच्या पाकिटावर त्याने पत्ता लिहून दिला. तो मनापासून बोलत होता. तसे बोलणे त्याला सोपे जाई, एवढेच.

हिनेसने एक चामडी बॅग घेतली. शाळामास्तरांकडून पत्र लिहून घेतले. तीन महिन्यांनी उत्तर आले. पाकिटात ग्लेनचा सही केलेला फोटो होता. हिनेसला वाटले, पत्र मागून येत असेल. वर्षभराने त्याने पुन्हा लिहिले. पुन्हा फोटो आला, तोच, तीच सही. त्या दिवशी दोघे नवराबायको बाकावर बसून दोन्ही फोटो मांडीवर ठेवून पाहत होते.

"एक भिंतीवर लाव," त्रिनी म्हणाली, "आणि एक खुराड्यात. कोल्हा तरी घाबरेल."

हिनेसही हसला. पण बॅग त्याने कपाटावरून काढली नाही. ती बरीच वर्षे तिथेच होती, हे मी त्रिनीच्याच तोंडून ऐकले.

मग सिनेमे थांबले. लोकांना घोड्यांच्या गोष्टींचा कंटाळा आला असावा. नकली गाव एका माणसाने विकत घेतले आणि सहलीला येणाऱ्यांसाठी तिथे मारामारीचे खेळ सुरू केले. हिनेसला तिथे काम मिळाले. रोज चार वेळा तो घंटाघरावरून पडे. सकाळी दोनदा जर्मन लोकांसाठी, दुपारनंतर दोनदा ज्याच्या त्याच्यासाठी. एकोणीस वर्षे तो पडत होता. खेळ सांगणारा भोंग्यावर ओरडे की पाहा, ग्लेन मॅकॉर्डची जगप्रसिद्ध उडी. वारा ओढ्याच्या दिशेने असला की मला ते इथपर्यंत ऐकू येई. घंटा, मग शांतता, मग टाळ्या. शांतता नेहमीपेक्षा लांबली की माझ्या पायाशी बसलेल्या म्हाताऱ्यांचे बोलणे थांबे.

त्यांची मुलगी अरासेली सतरा वर्षांची झाली तेव्हा गाव सोडून बार्सिलोनाजवळ तेरासाला गेली, कापडाच्या गिरणीत. तिच्या बरोबरीची सगळीच जात होती. उरलेली समुद्राकडच्या प्लास्टिकने झाकलेल्या मळ्यांत टोमॅटो तोडायला जाऊ लागली. बस माझ्यासमोरूनच सुटे. त्या सकाळी हिनेस तिची पेटी घेऊन उभा होता.

"बाबा, एक विचारू? लोक पैसे देऊन तुम्हाला पडताना बघतात. तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

हिनेस म्हणाला, "पडताना वाटायला वेळ नसतो, बाळा."

तिला ते उत्तर पुरले नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. बस गेल्यावर हिनेस बराच वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. मग खेळाची वेळ झाली म्हणून तो नकली गावाकडे चालू लागला.

साठी उलटली आणि त्याचा खुबा गेला. खेळवाल्यांनी त्याला काही दिवस तिकिटाच्या खिडकीत बसवले. नंतर खिडकीतही दुसरे कुणी आले.

माझेही दिवस सरले होते. फोटो काढताना लोंबकळून लोकांनी माझ्या पिस्तुलाची नळी तोडली. टोपीच्या काठात चिमण्यांनी घरटी केली. चौथऱ्याला शेळ्या अंग घासत. गावात दिव्यांच्या खांबाला पैसे नव्हते, तिथे माझ्याकडे कोण बघणार? फक्त हिनेस दर वसंतात बादली आणि एस्पार्तोचा कुंचा घेऊन येई आणि मला डोक्यापासून बुटांपर्यंत घासून काढी. दुखरा खुबा घेऊन चौथऱ्यावर चढायला त्याला फार वेळ लागे.

"घरी अंघोळ कर म्हटलं की टाळतो," त्रिनी खालून म्हणे, "आणि इथे स्वतःलाच घासत बसतो."

मग ते वर्ष आले. पहिला सिनेमा झाला त्याला चाळीस वर्षे झाली होती. सरकारी मंडळींनी महोत्सव भरवला. माझ्याभोवती झेंडे लागले, खुर्च्या मांडल्या गेल्या आणि ग्लेन मॅकॉर्ड आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, अजूनही उंच, अजूनही हसरा. त्याने मला इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिले. मी माझा चेहरा म्हातारा झालेला पहिल्यांदा पाहिला.

हिनेस आणि त्रिनी तिसऱ्या रांगेत होते. हिनेसने लग्नातला कोट घातला होता. त्रिनीने त्याला आठवडाभर पढवले होते की पुढे जा, हात दे, नाव सांग. त्याला काही मागायचे नव्हते. ग्लेनने चारचौघांत एकदा म्हणावे, हा होता माझ्याबरोबर, एवढीच त्याची इच्छा होती. तीही त्याने उघड बोलून दाखवली नव्हती. त्रिनीनेच ती बाकावर शेजारणीला सांगितली होती.

ग्लेन बोलायला उभा राहिला. एक तरुण दुभाषी त्याचे शब्द आमच्या भाषेत सांगत होती. तो पाण्याविषयी बोलला, माणसांविषयी बोलला. लोकांचे डोळे भरून आले. मग तो म्हणाला की लोक मला नेहमी घंटाघराच्या उडीविषयी विचारतात. ती उडी त्याने रंगवून सांगितली. घंटा वाजली, खेचर बुजले, गाडी हातभर सरकली, मी फळीवर आदळलो. हाड मोडले, तरी मी चार पावले चाललो.

"पाऊस यायचा असला की अजून कळतं," तो म्हणाला आणि त्याने आपला डावा खांदा चोळला. मग तो माझ्याकडे वळला. "आणि बघा, तुमच्या शिल्पकाराच्या नजरेतून ते सुटलं नाही. हा खांदा बघा. त्याने तो तसाच घडवलाय."

सगळ्या माना माझ्या खांद्याकडे वळल्या. मित्रांनो, मला उभे राहून छत्तीस वर्षे झाली होती. त्या क्षणी पहिल्यांदा वाटले की कोसळावे.

त्रिनी उठू लागली. हिनेसने तिचे मनगट धरले आणि सोडले नाही. टाळ्या संपेपर्यंत सोडले नाही.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीच त्या दोघांना पुढे घेऊन आली. हिनेसने टोपी काढली आणि दुभाषीला सांगितले, यांना सांगा, मी हिनेस.

ग्लेनने क्षणभर पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने हिनेसला घट्ट मिठीत घेतले. तो काय म्हणाला ते दुभाषीने आनंदाने सांगितले, "ते म्हणतात, हिनेस! घोडे सांभाळायचास तू! किती छान ठेवायचास घोडे!"

"हो," हिनेस म्हणाला. "घोडे चांगले होते."

मंडळी जेवायला गेली. खुर्च्या गोळा करणारे तेवढे मागे उरले. दोघे बाकावर बसले.

"तू बोलला का नाहीस?" त्रिनीने विचारले.

"तो खोटं बोलत नव्हता गं. मी जवळून बघितलं. त्याला तसंच आठवतंय."

"आणि तुझं काय?"

हिनेस म्हणाला, "माझं दुखतं. तेवढं माझं."

महिन्याभरात माझ्याशेजारी एक फलक लागला. तीन भाषांत ग्लेनची हकिगत, आणि खाली एक ओळ, 'पुतळ्याचा डावा खांदा पाहावा.' लोक फलक वाचत आणि पाहत. मुले आपलाही खांदा तसा पाडून फोटो काढून घेत. हिनेसने माझ्याकडे येणे सोडले. त्या वसंतात मला कुणी घासले नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी, गाव दारे लावून झोपले असताना, त्रिनी एकटी आली. हातात घणासारखा जड हातोडा होता. ती फलकाकडे गेली नाही. बाकावर चढली, तिथून चौथऱ्यावर चढली आणि तिने माझ्या डाव्या खांद्यावर घाव घातला. पासष्ट वर्षांची बाई, घावात जोर नव्हता. एक टवका उडाला. तिने दुसरा घातला. तेवढ्यात रस्त्यावरून काठीचा आवाज आला. हिनेस येत होता, उन्हात, टोपीवाचून.

"त्रिने, उतर खाली."

"हा खांदाच ठेवत नाही. मग दाखवू देत काय दाखवायचंय ते."

तिने हातोडा पुन्हा उचलला. हिनेस चौथऱ्यापाशी पोचला होता. त्याला धाप लागली होती.

"अगं, मारतेयस कुणाला?" तो हळू आवाजात म्हणाला. "मीच आहे ना तो."

तिचा हात वरच्या वर राहिला. मग तिने हातोडा खाली टाकला आणि माझ्या पाठीला कपाळ टेकून ती रडली. त्याला वर चढून येता येत नव्हते. तो खालून तिचा पाय धरून उभा राहिला.

पाच वर्षांनी हिनेस वारला. अंत्ययात्रेला अकरा माणसे होती. ती या रस्त्याने गेली.

त्यानंतर त्रिनीने एकच गोष्ट धरली. चौथऱ्यावर एक ओळ वाढवा, 'शरीर: हिनेस बेरेंगेल.' तिने अर्ज केला. कचेरीतला माणूस चांगला होता, त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिले. पण म्हणाला की आजी, पुतळा ग्लेन मॅकॉर्डच्या नावे आहे, त्यांच्या वारसांना विचारावे लागेल. ग्लेनही तोवर गेला होता. दोन वर्षांनी अमेरिकेहून वकिलाचे पत्र आले. त्याचा तर्जुमा घेऊन त्रिनी बाकावर बसली आणि तिने ते अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचले. श्री. मॅकॉर्ड यांनी आपली सर्व साहसदृश्ये स्वतः केली, हे त्यांनी अनेकदा स्वतः सांगितले आहे. त्याविरुद्ध कोणताही मजकूर कोरण्यास आमची हरकत राहील.

कचेरीने पुरावा मागितला. निकासिओ मेला होता. हाडवैद्य मेला होता आणि तो कधी काही लिहून ठेवत नसे. कपडेपटाची बाई कुठली, तिचे नाव काय, कुणालाच ठाऊक नव्हते. ज्या म्हाताऱ्यांनी ती उडी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांतला एकच उरला होता आणि तो म्हणाला, मी त्या दिवशी मेलेला होतो, माझे डोळे मिटलेले होते. तो थट्टा करत नव्हता. राहता राहिला मी. मला कुणी विचारले नाही, आणि विचारून उपयोगही नव्हता.

त्रिनी आणखी दोन वर्षे खेटे घालत राहिली. मग तिला रस्ते चुकू लागले. एकदा कचेरीला म्हणून निघाली आणि ओढ्यात सापडली. अरासेली येऊन तिला तेरासाला घेऊन गेली. घराला कुलूप लागले.

गेल्या वसंतात त्या दोघी आल्या होत्या. अरासेलीला घर विकायचे होते. कागदांवर आईचा अंगठा हवा होता. काम झाल्यावर गाडी येईपर्यंत त्या माझ्यासमोर बाकावर बसल्या. अरासेलीचे केस पांढरे झाले होते. त्रिनी लहान झाली होती, एखाद्या पोरीएवढी. तिने मान वर करून मला नीट न्याहाळले, टोपीपासून बुटांपर्यंत.

"हा कोण गं?" तिने विचारले.

अरासेलीने चौथऱ्यावरचे नाव वाचून दाखवले.

"देखणा आहे," त्रिनी म्हणाली. "बायको होती का याला?"

"होती, आई."

"मग ती येत नाही वाटतं इकडे?"

मला त्या वेळी बोलायचे होते. पण माझे तोंड दगडाचे, आणि तेही ग्लेनचे.

गाडी आली. अरासेलीने आईला उठवले, पदरासारखी ओढणी तिच्या डोक्यावर नीट केली आणि दाराशी तिचा हात धरून तिला आत बसवले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी पाहत होतो. त्या पुन्हा येणार नाहीत. विकलेल्या घराकडे कोण येते?

मित्रांनो, पुतळे सहसा शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी म्हणत नाही. दगडाला घाई नसते, तो आपापला झिजतो. पण तुमच्या ओळखीत कुणी असेल, ज्याने दुसऱ्याच्या नावावर आपली हाडे मोडली, तर आजच त्याच्या घरी जा. समोर बसा. त्याला सांगू द्या आणि तो सांगेल ते त्याच्या नावानिशी कागदावर लिहून घ्या, तारीख घाला, खाली त्याची सही घ्या. तो म्हणेल, जाऊ दे, त्यात काय एवढे. तेव्हा उठू नका.